डोळे आलेत, फेरी बेभरवशाची : त्याच दिवशी व्हिडिओवर डॉक्टर कुणी गाठलाय का?

फेरीची_वाट

गेल्या गुरुवारी आमचे चिरंजीव (वय ७) सकाळी उठले ते एक डोळा चिकटवूनच. पापण्यांवर पिवळा चिकटा, डोळा लालभडक, वर "आई, डोळ्यात वाळू गेली" हे पालुपद. बाहेर पाऊस असा की अंगणातली तुळस दिसेना. आम्ही गोव्यातल्या चोडण बेटावर. रायबंदरला जायचं तर फेरीबोट, आणि अशा पावसात ती कधी सुटेल ते बोटवाल्यालाच ठाऊक. मयेच्या बाजूने रस्ता आहे, पण गाडी चालवणारा नवरा तारवटी (जहाजावर नोकरीला), तो सध्या समुद्रात. घरात मी, पोर आणि सासूबाई.

शेवटी घरबसल्या व्हिडिओवर डॉक्टर भेटणारी सरकारी सेवा, ई-संजीवनी, उघडली. मोबाईल नंबर टाकला, ओटीपी आला, पोराचं नाव-वय आणि तक्रार लिहिली, टोकन मिळालं. पाऊण तास थांबले, पण घरात बसून थांबले. तेवढ्यात डाळ शिजली.

डॉक्टर बाई होत्या. आधी माझं नाव आणि पोराशी नातं विचारलं. मग म्हणाल्या, ट्यूबलाइटखाली नको, खिडकीपाशी या. हात धुवून खालची पापणी हलकेच ओढून दाखवायला लावली. उजेडाकडे बघवतं का, अंधुक दिसतं का, डोळ्याला काही लागलंय का, वर्गात आणखी कुणाचे डोळे आलेत का, असं एकेक विचारत गेल्या. वर्गात चौघांचे आलेत म्हटल्यावर हसल्या. म्हणाल्या बहुधा विषाणूचा आहे, अँटिबायोटिक आज नको. उकळून गार केलेल्या पाण्यात बुडवलेल्या कापसाने पुसा, गार पट्टी ठेवा, डोळ्यांत ओलावा राहण्याचे थेंब घाला, टॉवेल-उशी वेगळी, पाणी गळायचं थांबेपर्यंत शाळा नाही. दुखायला लागलं, उजेड सोसेनासा झाला किंवा दिसायला कमी आलं तर फोन नको, थेट डोळ्यांचा डॉक्टर.

माझे प्रश्न दोन. एक, असल्या बारीकसारीक आजारांना हे तुम्ही कितपत वापरता? दोन, शेजारच्या वैनींनी २०२३च्या साथीतली उरलेली बाटली आणून दिलीय. त्यांच्या मुलीला दोन दिवसांत गुण आला होता म्हणे. घालू का?

काउंटरवरून

वैनींची बाटली आधी कचऱ्यात टाका. डोळ्यांच्या थेंबांची बाटली एकदा फोडली की साधारण महिनाभर, मग टाकायची. ही २०२३ची आहे!

शिवाय बाटलीवर नाव काय आहे ते वाचा. नावाच्या शेवटी 'सोन' किंवा 'सोलोन' दिसलं तर स्टेरॉइड असण्याची शक्यता मोठी. लाली झटकन उतरते, म्हणून लोकांना वाटतं औषध लागू पडलं. आत नागीण किंवा बुबुळाला जखम असेल तर तेच थेंब घात करतात. फोंड्यात फार्मसीत उभा राहून वीस वर्षं झाली, दर साथीत हीच बाटली या घरातून त्या घरात फिरताना बघतो.

पाव_आणि_भाजी

तुम्हाला सरकारी बाई बऱ्या भेटल्या. माझा खासगी ॲपचा अनुभव ऐका (नाव घेत नाही). घसा दुखत होता, ताप ९९. "१० मिनिटांत डॉक्टर" म्हणून ३९९ रुपये भरले. डॉक्टरांचा कॅमेरा बंद. घसा दाखवू का विचारलं, तर "गरज नाही". दोन मिनिटांत फोन संपला आणि चिठ्ठी आली. अँटिबायोटिक, ॲसिडिटीची गोळी, खोकल्याचं औषध (मला खोकला नव्हताच), व्हिटॅमिन. गंमत पुढेच आहे, चारही औषधं ॲपच्या कार्टमध्ये आधीच येऊन बसलेली. फक्त पैसे भरायचे बाकी.

मी काहीच घेतलं नाही. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या. चौथ्या दिवशी बरा.

आजीचा_बटवा

तेच तर! पेज, आल्याचा काढा, गरम पाणी. सर्दीपडशाला डॉक्टर लागतो कुणाला? आमच्या माशेलात पूर्वी दोतोर आठवड्यातून एकदा यायचा, माणसं काही मरत नव्हती.

सुशेगाद_नाही

मरत होती हो आजी, फक्त त्याची चर्चा होत नव्हती.

जुना_दोतोर

मी निवृत्त. चाळीस वर्षं जनरल प्रॅक्टिस केली, त्यातली बहुतेक डिचोलीत. २०२० पर्यंत फोनवर औषध सांगायला मीही कां-कूं करायचो, कारण कायद्याने चालतं की नाही तेच स्पष्ट नव्हतं. २५ मार्च २०२० रोजी, लॉकडाऊनच्या पहिल्याच दिवशी, केंद्राच्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचना निघाल्या आणि तो गोंधळ मिटला. ई-संजीवनीची घरबसल्या ओपीडीही त्याच वर्षी एप्रिलात सुरू झाली.

पावभाजीवाल्यांना जे भेटलं ते त्या सूचनांत बसत नाही. त्यात औषधांच्या याद्याच ठरवून दिल्यात. पॅरासिटामोल, ओआरएस, घशाच्या गोळ्या अशी साधी औषधं नुसत्या फोनवर बोलूनही सांगता येतात. त्यापुढची काही औषधं पहिल्याच भेटीत द्यायची तर व्हिडिओ हवा. रक्तदाब-मधुमेहासारख्या आजारात आधी प्रत्यक्ष तपासलेलं असेल, तर चालू औषधं पुढे लिहून देता येतात. झोपेच्या, सवय लागणाऱ्या, अंमली पदार्थांच्या कायद्याखाली येणाऱ्या गोळ्या मात्र मुळीच नाहीत. कुणी ॲपवर तशी गोळी लिहून दिली तर तो डॉक्टर तुमच्यावर मेहरबानी करत नाहीये. आणि औषध कुठल्या फार्मसीतून घ्यायचं ते रुग्णाने ठरवायचं. ॲपचं कार्ट ही दुकानदारी झाली.

आता घसा. नाक गळतंय, खोकला आहे, आवाज बसलाय, तर बहुधा विषाणू, अँटिबायोटिकचं काम नाही. खोकला अजिबात नाही, ताप चढा, गळ्याखाली दुखऱ्या गाठी, टॉन्सिलवर पांढरे ठिपके, असं असेल तर बघायलाच हवं. हे विचारायला दोन मिनिटं पुरतात, पण त्या दोन मिनिटांत विचारावं लागतं. मोबाईलचा टॉर्च लावून तोंड उघडलं की टॉन्सिल व्हिडिओवर बऱ्यापैकी दिसतात. कॅमेरा बंद ठेवणाऱ्याला काय दिसणार?

कान मात्र कॅमेऱ्यावर दिसत नाही. पडदा लाल आहे की फुगलाय ते आत बघूनच कळतं. पोट दाबल्याशिवाय अपेंडिक्स कळत नाही. माझ्यापुरती सोपी खूण अशी : ज्या आजारात मी हात लावल्याशिवाय ठरवू शकलो नसतो, तो फोनवर नको.

फेरीची_वाट, तुमच्या डॉक्टर बाईंनी नातं विचारलं ते उगाच नाही. अल्पवयीन मुलाचा सल्ला ओळख पटलेली मोठी व्यक्ती सोबत असेल तरच द्यायचा, असा नियम आहे.

म्हादयकाठी

दोतोरबाब, सगळं बरोबर. पण माझी गोष्ट ऐका, आणि सत्तरी तालुक्यातल्या सगळ्यांनी वाचा.

दोन वर्षांमागे मार्च महिना. भाऊ काजूच्या बागायतीतून आला तो कणकणत. रात्री ताप १०३, डोकं असं की भिंतीवर आपटावं, पाठ-मांड्या ठणकत होत्या. बायको म्हणाली वाळपईला जाऊ, तर हा म्हणाला आता कोण जातो, ॲप आहे ना. डॉक्टर लागला, आवाजावरून उत्तरेकडचा. माणूस चांगला होता, घाईत नव्हता. सगळं ऐकलं आणि म्हणाला व्हायरल आहे, पॅरासिटामोल घ्या, पाणी प्या, तीन दिवसांनी कळवा. त्याच्या जागी त्याचं काहीच चुकलं नाही.

कारण त्याला कुणी सांगितलंच नाही की हा माणूस सत्तरीत राहतो, काजू गोळा करायला रानात जातो, आणि गेल्या आठवड्यात बागायतीच्या वरच्या अंगाला एक माकड मरून पडलं होतं. हे सगळं भावाला माहीत होतं. पण डॉक्टरला सांगण्यासारखं त्यात काही आहे, असं त्याला वाटलंच नाही.

दुसऱ्या दिवशी आमची आरोग्यसेविका घरावरून जाताना डोकावली. तिने ताप विचारला नाही. पहिला प्रश्न, "रानात गेलेला?" दुसरा, "माकड मेलेलं दिसलं?" आणि तिथून उचलून थेट वाळपईच्या सामाजिक आरोग्य केंद्रात. रक्त घेतलं. माकडतापच निघाला. भाऊ आठ दिवस दवाखान्यात होता. वाचला, पण पुढचे दोन महिने पायऱ्या चढताना धाप लागायची.

सुशेगाद_नाही

बापरे. माकडताप अजून आहे? मला वाटलं ते एकदाच झालं.

म्हादयकाठी

२०१५ला पाली गावातून सुरू झाला. तेव्हापासून काजूचा हंगाम आला की आमच्याकडे धास्ती असते. रानातल्या गोचिडींतून येतो. थंडी सरता सरता सुरू होतो, पाऊस लागला की ओसरतो.

जुना_दोतोर

हे या धाग्यातलं सगळ्यात महत्त्वाचं. देशात कुठेही नोंदणी असलेला डॉक्टर देशातल्या कुठल्याही रुग्णाला फोनवर सल्ला देऊ शकतो. सोय आहेच, पण अडचणही तीच. माझ्या दवाखान्यात पाय ठेवणारा माणूस कुठल्या वाड्यावरचा हे मला त्याच्या चपलांवरच्या मातीवरून कळायचं. खाणीची लाल की शेतातली काळी. व्हिडिओवर चप्पल दिसत नाही. ती माती तुम्ही तोंडाने सांगायची.

म्हणजे असं. "ताप आलाय" म्हणू नका. "सत्तरीत राहतो, रानात गेलो होतो, माकडं मेलीत" म्हणा. पावसाळ्यात "शेतात गुडघाभर पाण्यात उभा होतो, पायाला कापलेलं होतं" म्हणा, म्हणजे डॉक्टरच्या डोक्यात लेप्टो (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा ताप) येईल. "शेजारी दोघांना डेंगू झालाय" म्हणा.

आणि पावसाळ्यातल्या तापाला डेंगू नाही हे ठरेपर्यंत पॅरासिटामोल सोडून दुसरी वेदनाशामक गोळी नको. आयबुप्रोफेन नको, ॲस्पिरिन नको, कंपाउंडरकडून "एक सुई मारून घेतो" तर नकोच. रक्तस्राव वाढतो. डेंगूसाठीची एनएस१ ही रक्ततपासणी पहिल्या पाच दिवसांतली, ती फोनवरचा डॉक्टरही लिहून देऊ शकतो. डेंगूची खोड अशी की ताप उतरतो तेव्हाच धोका चढतो. ताप गेला म्हणून घरचे निवांत होतात आणि पोट दुखायला लागतं, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून रक्त येतं. त्या वेळी टोकन घेत बसायचं नाही. १०८.

मूक_वाचक_होते

आयडी नवीन काढून लिहितेय, कारण विषय तसा आहे. लघवीला जळजळ, दर दहा मिनिटांनी जावंसं वाटणं. गावातला डॉक्टर ओळखीचा, वडिलांच्या वयाचा, आणि वेटिंगमध्ये अर्धं गाव बसलेलं. दोन दिवस पाणी पीत काढले. तिसऱ्या दिवशी व्हिडिओवर बाई डॉक्टर निवडता आली आणि पाच मिनिटांत सगळं बोलून मोकळी झाले. ताप आहे का, कुशीत पाठीकडे दुखतंय का, दिवस राहिलेत का, आधी कधी झालं होतं, एवढंच विचारलं. औषध सुरू करण्याआधी लघवीचा नमुना लॅबमध्ये द्यायला लावला. थंडी वाजून ताप किंवा पाठ दुखली तर त्याच दिवशी दवाखाना, असं बजावलं.

याआधी दोनदा मी फार्मसीतून अशीच गोळी मागून घेतली होती. आता कळतं की अर्धवट घेतली होती.

काउंटरवरून

ताई, बरं केलंत लिहिलंत. फार्मसीच्या बाजूने दोन गोष्टी सांगतो.

मोबाईलवरची चिठ्ठी आम्ही घेतो, पण तीवर डॉक्टरचं नाव, शिक्षण, नोंदणी क्रमांक, सही, तारीख आणि रुग्णाचं नाव-वय हवं. परवा एकाने व्हॉट्सॲप उघडून दाखवलं, "डॉक्टर : टॅब अमुक ५ दिवस". बस, एवढंच. नोंदणी क्रमांक कुठाय म्हटलं तर माझ्यावरच उखडला. एच-१ यादीतल्या अँटिबायोटिकसाठी वहीत डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध, किती दिलं, सगळं लिहावं लागतं आणि ती वही तीन वर्षं जपावी लागते. आडमुठेपणा नाही तो.

दुसरी, मागच्या पावसाळ्यातली चिठ्ठी या पावसाळ्यात चालवू नका. "तोच खोकला आहे" हे तुम्ही कसं ठरवलंत?

खोतीगावचा

तुम्ही सगळे व्हिडिओ-व्हिडिओ करताय. आमच्याकडे रेंज यायला वरच्या वळणावर जाऊन आंब्याखाली उभं राहावं लागतं. तिथून व्हिडिओ लावला की डॉक्टरचं तोंड उघडं राहून गोठतं. ताप आलेल्या म्हाताऱ्याला त्या वळणावर नेऊ की काय?

जुना_दोतोर

नुसत्या आवाजावरही सल्ला देता येतो, मात्र मग औषधं मोजकीच. तुमच्यासाठी दुसरी वाट बरी. ई-संजीवनीचा एक प्रकार डॉक्टर ते डॉक्टर असा आहे. तुम्ही जवळच्या उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात जायचं, तिथले कर्मचारी रक्तदाब-ताप बघून वरच्या डॉक्टरला जोडून देतात. समोर हात लावणारं कुणीतरी असतं आणि पलीकडे तज्ज्ञ. मला विचाराल तर मोबाईलवरच्या भेटीपेक्षा हे उजवं.

काणकोण_ते_पणजी

यावरून आठवलं. आमच्या शेजारच्या काकांना जेवल्यावर छातीत जळजळ. ते म्हणाले गॅस आहे, व्हिडिओ लाव, गोळी विचार. मुलाने ऐकलं नाही, उचलून आरोग्य केंद्रात नेलं. तिथे ईसीजी काढून तो बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) पाठवला, तिथून सांगितलं की हृदयविकाराचा झटका आहे, केंद्रातच गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देऊन मग रुग्णवाहिकेने पाठवा. २०१८च्या शेवटी झटक्याच्या रुग्णांसाठी सुरू झालेली ती स्टेमी योजना. काका आता रोज तिंट्यावर (बाजारात) येतात, मासळीचा भाव पाडून मागतात.

पाव_आणि_भाजी

म्हणजे तेही टेलिमेडिसिनच की.

काणकोण_ते_पणजी

हो, पण काकांच्या मोबाईलवरचं नव्हे.

आजीचा_बटवा

मला सगळ्यांनी धुतलं. पण पेजेबद्दल कुणी बोललं नाही.

जुना_दोतोर

आजी, पेज उत्तमच. जुलाब झालेल्याला मीठ घातलेली पेज मी स्वतः सांगायचो. फक्त पोर असेल तर ओआरएसही द्या, आणि पाकीट लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात, एक लिटरचं असेल तर लिटरभर. अर्ध्या ग्लासात अर्धं पाकीट घोळणारे मी बघितलेत, त्याने उलट अपाय होतो. पोर सुस्तावलं, लघवी झाली नाही, डोळे खोल गेले, रडताना पाणी येत नाही, तर पेजही नको नि फोनही नको. दवाखाना.

नवी_आई_फोंडा

दोतोर, माझी मुलगी दोन महिन्यांची. सर्दी झाली तर व्हिडिओ चालेल?

जुना_दोतोर

तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ किंवा वर ताप असेल तर रात्र असो की पाऊस, प्रत्यक्ष दाखवायचं. त्यात घासाघीस नाही. ताप नसेल, दूध नीट ओढतेय, तर विचारायला हरकत नाही. तेव्हा अंगावरचं झबलं वर करून, बाळ शांत असताना, पूर्ण एक मिनिट छातीचे श्वास मोजून ठेवा. दोन महिन्यांपासून वर्षाच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ५० किंवा जास्त झाले, वर्ष ते पाच वर्षांच्या पोराचे ४० किंवा जास्त झाले, तर श्वास जोरात आहे असं समजायचं. तुमची दोन महिन्यांची पुरती झालेली नसेल तर हा आकडा ६०. बरगड्यांखाली खड्डा पडत असेल तर आकडा मोजत बसू नका, निघा.

नवी_आई_फोंडा

आत्ता मोजले. ४४. झोपलीय. देव बरें करूं.

सुशेगाद_नाही

आम्ही दोघंही नोकरीवर, पोर पाळणाघरात. आमच्याकडे फ्रिजवर एक कागद चिकटवलाय. प्रत्येकाचं वजन, चालू औषधं, कशाची ॲलर्जी. डॉक्टर "वजन किती" विचारतो तेव्हा माझा नवरा दर वेळी वेगळं सांगायचा. मुलांची मात्रा वजनावर असते हो! थर्मामीटर बॅटरीसकट शेजारच्या ड्रॉवरमध्ये. "हाताला गरम लागतंय" यावर डॉक्टर काय करणार?

पाव_आणि_भाजी

ऑफिसच्या सुट्टीचं सर्टिफिकेट मिळतं का तिथे? खरं कारण तेच असतं अर्ध्या लोकांचं.

काउंटरवरून

अखेर खरं बोलला कुणीतरी 😄

फेरीची_वाट

सगळ्यांचे आभार. बाटली टाकली. टाकण्याआधी वाचली, नावाच्या शेवटी 'सोन' होतंच. वैनींना दाखवली, त्या गप्प झाल्या आणि मग म्हणाल्या, आणखी एक आहे घरात.

चिरंजीव सोमवारी शाळेत गेले. सासूबाईंचा डोळा मधल्या काळात येऊन गेला, त्यांनी कुणाचंच ऐकलं नाही, तरी बरा झाला. आज सकाळी माझा उजवा चिकटलाय. एका डोळ्याने टाइप करतेय, चुका पोटात घाला. खिडकीपाशी बसलेय, टोकन घेतलंय, पुढे तिघं आहेत.